खिडकी आणि दार : छायाचित्र आणि आतली जागा

छायाचित्राची चर्चा होते तेव्हा छायाचित्रकाराची नजर, नेमका टिपलेला क्षण आणि यंत्राची क्षमता या तीन गोष्टींवर पुष्कळ बोलले जाते. ते चित्र ज्या जागेत घेतले गेले ती जागा मात्र बहुधा 'पार्श्वभूमी' या एका शब्दात उरकली जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ती जागा हा आहे, आणि त्यातही प्रामुख्याने भिंतींच्या आतली जागा : घर, स्टुडिओ, लेणे, कारखाना, न्यायालय. या विचाराचा आरंभ 'कॅमेरा' या शब्दापासूनच करता येतो. लॅटिन भाषेत 'कामेरा' म्हणजे कमानदार छताची खोली आणि 'कामेरा ऑब्स्कुरा' म्हणजे अंधारी खोली. हिंदीतला 'कमरा' हा पोर्तुगीजांमार्फत आलेला शब्दही याच कुळातला आहे. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक असले की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते, हे छायाचित्रणाच्या शोधापूर्वी कित्येक शतके ठाऊक होते. पुढे त्या खोलीचा आकार पेटीएवढा झाला, आणि एकोणिसाव्या शतकाने केले ते एवढेच की भिंतीवर उमटणारे दृश्य रसायनांच्या साहाय्याने टिकवून धरले. म्हणजे छायाचित्र हे मुळातच एका खोलीत उमटलेले दुसऱ्या जागेचे रूप आहे.

पुढील विवेचनात दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे सोयीचे ठरेल. 'स्थळ' म्हणजे चित्र प्रत्यक्ष जिथे घेतले ते ठिकाण, आणि 'अवकाश' म्हणजे चित्राच्या चौकटीत पाहणाऱ्याला जाणवणारी लांबी, रुंदी आणि खोली. या दोहोंचा मेळ असेलच असे नाही. स्थळ मुंबईतल्या एखाद्या माडीवरचे आणि अवकाश तळ्याकाठच्या उद्यानाचा, असा प्रकार जुन्या स्टुडिओंमध्ये सर्रास घडे. आतल्या जागेच्या कोणत्याही छायाचित्राला दोन प्रश्न विचारता येतात : उजेड कुठून आला, आणि कॅमेरा आत कसा आला. पहिला खिडकीचा प्रश्न आहे, दुसरा दाराचा. पहिल्याचे उत्तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र देतात; दुसऱ्याचे उत्तर समाज देतो. ज्या जागांची खिडकी अपुरी आणि दार बंद होते त्या जागा छायाचित्रांच्या इतिहासात फारशा उमटल्याच नाहीत, आणि ही उणीव हासुद्धा त्या इतिहासाचा एक भाग आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

उजेडाचा हिशेब

छायाचित्रणाच्या प्रारंभीच्या ज्या कृती आज टिकून आहेत त्यांतल्या महत्त्वाच्या कृतींचा संबंध खिडकीशी आहे, हा निव्वळ योगायोग नव्हे. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स याने 1826-27च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून दिसणारी छपरे आणि भिंती डांबराच्या जातीचा पदार्थ लावलेल्या धातूच्या पत्र्यावर उमटवल्या. त्यासाठी किमान आठ तास, आणि काही अभ्यासकांच्या मते कित्येक दिवस लागले. त्यामुळे सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच चित्रात उजळलेल्या दिसतात. दागेर याने 1838 मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र उंचावरच्या खिडकीतूनच घेतले. पत्रा काही मिनिटे उघडा राहिल्यामुळे वाहती रहदारी त्यावर उमटलीच नाही, आणि बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा राहिला. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट याने ऑगस्ट 1835 मध्ये लेकॉक अ‍ॅबी या आपल्या वाड्यातील जाळीदार खिडकीचे टपाल तिकिटाएवढे चित्र कागदावर घेतले. ही आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी टिकून राहिलेली कॅमेऱ्यातील निगेटिव्ह होय. ज्या लहान लाकडी पेट्यांनी तो असली चित्रे घेई त्यांना त्याची पत्नी उंदरांचे सापळे म्हणत असे.

टॅल्बटची ही खिडकी आतून घेतलेली आहे, आणि तरीही त्या चित्रात खोली दिसत नाही. काचांचे तुकडे मोजता येतात इतके स्पष्ट, पण त्यांच्याभोवतीची भिंत आणि आतले सामान नुसत्या सपाट छायेत बुडालेले. याचे कारण उजेडाच्या हिशेबात आहे. दुपारच्या थेट उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे 1,00,000 लक्स असते, तर रात्री दिव्यांनी उजळलेल्या घरातल्या खोलीत ती साधारण 100 ते 200 लक्सच्या आसपास भरते. लक्स हे एखाद्या पृष्ठावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक आहे. माणसाची बाहुली लहानमोठी होते, डोळ्याचा पडदा अंधाराला सरावतो, आणि वर मेंदू सांभाळून घेतो, म्हणून अंगणातून घरात शिरलेल्या माणसाला क्षणभर अंधारी येऊन पुढे सारे नीट दिसू लागते. काचेला किंवा फिल्मला अशी सवय होत नाही. तिला खोली दाखवायची तर खिडकी पांढरीफटक होते, आणि खिडकी दाखवायची तर खोली काळी पडते. शिवाय प्रकाशाचा उगम लहान असेल तर अंतर दुप्पट होताच उजेड चौथाईवर येतो. खिडकी मोठी असल्यामुळे तिच्या अगदी जवळ ही घट इतकी तीव्र नसते, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत उजेडाचा बराच भाग खर्ची पडलेला असतो.

हा हिशेब टॅल्बटला पुरेपूर कळला होता, याची साक्ष त्याच्याच 'द पेन्सिल ऑफ नेचर' (1844-46) या छायाचित्रयुक्त ग्रंथात आहे. त्यातील एका चित्राचे शीर्षक ग्रंथालयातील दृश्य असे आहे आणि त्यात दोन फळ्यांवर मांडलेली पुस्तके दिसतात. वास्तविक ग्रंथालयात पुरेसा उजेड नसल्यामुळे ती पुस्तके बाहेर उघड्यावर मांडून हे चित्र घेतले गेले, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आतली जागा दाखवण्यासाठी आतले सामान बाहेर काढायचे, ही छायाचित्रणाच्या पहिल्या दशकातली युक्ती मराठी घरांनाही अपरिचित नाही. अंगणात जाजम अंथरून, घरातल्या खुर्च्या बाहेर मांडून, वडीलधाऱ्यांना मध्ये बसवून आणि लेकरांना पुढे मांडी घालायला लावून घेतलेला कुटुंबाचा ग्रुप फोटो हा त्याच युक्तीचा मराठी अवतार होय : घराण्याची ओळख सांगणारे चित्र, आणि त्यात घराचे फक्त बाहेरचे तोंड.

पडद्यामागची जागा

उजेडाच्या या अडचणीवर व्यवसायाने शोधलेले उत्तर म्हणजे स्टुडिओ. ही खोली राहण्यासाठी, कामासाठी किंवा पूजेसाठी नव्हे, केवळ चित्र उमटण्यासाठी बांधलेली असते. तिचे छप्पर किंवा एक भिंत काचेची ठेवत आणि ती शक्यतो उत्तरेकडे करत, कारण उत्तर गोलार्धात सूर्याचा मार्ग बहुतांशी दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेच्या आकाशातून येणारा उजेड मवाळ आणि दिवसभर जवळपास एकसारखा राहतो. युरोपात बिनचूक लागू पडणाऱ्या या नियमाला मुंबईत मात्र एक अपवाद आहे. मुंबईचे अक्षांश सुमारे 19 अंश असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. ज्या दोन दिवशी तो नेमका माथ्यावर येतो ते दिवस आज शून्य सावलीचे दिवस म्हणून सर्वांना माहीत आहेत. या काळातला मोठा भाग पावसाळी ढगांचा असतो, आणि ढग स्वतःच उजेड गाळून देतात, ही निसर्गाने केलेली भरपाई म्हणायची.

मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना 1854 मध्ये झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन याचा मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचा दोन खंडांतील ग्रंथ 1863 आणि 1866 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला, आणि स्थळ व अवकाश यांची फारकत समजून घेण्यासाठी त्याच्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. त्यातील माणसांची चित्रे स्टुडिओत घेतली गेली, इमारती आणि निसर्ग यांची चित्रे स्वतंत्रपणे बाहेर घेतली गेली, आणि मग दोन्ही जोडून एकच चित्र तयार करण्यात आले. परिणामी माणसे आपल्या जगात उभी आहेत असे भासते, पण त्यांच्या अंगावरचा उजेड एका दिशेचा आणि मागच्या भिंतीवरचा दुसऱ्या दिशेचा असतो, पायांखालच्या सावल्यांचा जमिनीशी मेळ बसत नाही, आणि माणूस जागेवर चिकटवल्यासारखा दिसतो. त्या ग्रंथाचा हेतूच वर्गीकरणाचा होता, म्हणजे प्रत्येक समूहाला त्याचा ठरावीक पोशाख आणि ठरावीक परिसर नेमून द्यायचा होता. तिथे परिसर हा पुरावा नव्हता, लेबल होते.

या वर्गीकरणाच्या अगदी उलट टोकाला स्टुडिओतला रंगवलेला पडदा आहे. तोही खोटाच, पण तो गिऱ्हाईक स्वतःसाठी निवडतो. महिरपी, जिने, कारंजी, बाग, आणि पुढे एक खांब किंवा नक्षीदार तिपाई : ही सामग्री संगीत नाटकाच्या रंगभूमीची सख्खी बहीण आहे, कारण नाटकाचे पडदे रंगवणारा हात आणि स्टुडिओचे पडदे रंगवणारा हात यांची विद्या एकच होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत, आणि तिथूनच ते चित्रपटाकडे वळले. पुढे चित्रपटात बाबूरावांनी सपाट रंगवलेल्या पडद्याऐवजी खोली असलेले, आत फिरता येईल असे देखावे उभारले. जागेच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता, कारण पडद्यासमोर माणूस फक्त उभा राहू शकतो, तर देखाव्यात तो वावरू शकतो. दादासाहेब फाळके हे स्वतः व्यवसायाने काही काळ छायाचित्रकार होते, आणि 1913 साली प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'चे देखावे त्यांनी दादरच्या एका बंगल्याच्या आवारात दिवसाच्या उजेडात उभारले होते. राजवाड्याचा अंतर्भाग प्रत्यक्षात आकाशाखाली होता. टॅल्बटच्या ग्रंथालयाची युक्ती इथेही कामी आली.

विसाव्या शतकात स्टुडिओतला पडदा हळूहळू रिकामा होत गेला. मालीमधल्या बामाको शहरात सेदू केइता हे अंगणातल्या उजेडात, पाठीमागे पलंगपोस टांगून, शहरवासीयांची चित्रे घेत. ते नक्षीदार कापड आणि बसलेल्या स्त्रीच्या वस्त्रावरची नक्षी एकमेकींत अशी मिसळत की माणूस कुठे संपतो आणि जागा कुठे सुरू होते हे क्षणभर कळत नाही. अमेरिकेत अर्व्हिंग पेन याने 1948 मध्ये दोन सपाट फळ्या अरुंद कोन करून उभ्या केल्या आणि नामवंतांना त्या सांदीत उभे केले. कोणी भिंतींना रेटू लागला, कोणी अंग चोरले, कोणी टेकून सैलावला. सगळा परिसर वजा केल्यावरही उरलेला कोपरा माणसाच्या देहाला बोलते करतो, हे त्या चित्रांनी दाखवले. रिचर्ड अ‍ॅव्हेडन याने तर 'इन द अमेरिकन वेस्ट' (1985) या ग्रंथासाठी कामगारांना आणि भटक्यांना त्यांच्याच गावात, पण पांढऱ्या कागदापुढे उभे केले. पश्चिमेचा विस्तीर्ण मुलूख ग्रंथाच्या नावात राहिला आणि चित्रांतून पूर्णपणे गेला.

लेण्यातला अंधार

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आतल्या जागेच्या छायाचित्रणाची सर्वांत मोठी कसोटी घरात किंवा स्टुडिओत झाली नाही. ती अजिंठ्याच्या लेण्यांत झाली. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, कातळात कोरलेली सुमारे 30 लेणी वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून आहेत, त्यामुळे प्रत्येक लेण्यात उजेड शिरण्याची वेळ आणि वाट निराळी आहे. चैत्यगृहांची रचना उजेडाचाच विचार करून झालेली आहे. दर्शनी भिंतीतली नालाकृती खिडकी, जिला चैत्यगवाक्ष म्हणतात, ती बाहेरचा उजेड वरून आत घेते आणि लांबट दालनाच्या टोकाशी असलेल्या स्तूपापर्यंत पोहोचवते; कार्ल्याच्या चैत्यगृहात हे आजही अनुभवता येते. विहारांचे तसे नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात 20 खांबांचे, सुमारे 64 फूट लांबीरुंदीचे चौरस दालन आहे, आणि प्रसिद्ध पद्मपाणी त्याच्या मागच्या भिंतीवर, गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या हाताला आहे. म्हणजे सर्वांत नाजूक रेषा अशा ठिकाणी, जिथे दाराचा उजेड पडवी आणि खांबांच्या रांगा ओलांडून, थकूनभागून पोहोचतो.

मद्रासच्या सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याला 1844 मध्ये या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यात आले, आणि पुढे त्याने छायाचित्रणही हाती घेतले; जेम्स फर्ग्युसन याच्या सहकार्याने 1864 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांमध्ये त्याची छायाचित्रे आहेत. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून, ते ओले असतानाच चित्र घेऊन, लगेच तिथल्या तिथे अंधाऱ्या तंबूत काच धुवावी लागे. उन्हात हे काम काही सेकंदांच्या उघडझापीत भागे, पण लेण्याच्या आत उजेड इतका क्षीण की पुरेसा ठसा उमटण्याआधी काच वाळण्याची भीती. शिवाय ते रसायन निळ्या रंगाला अतिसंवेदनशील आणि तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळे होते, तर अजिंठ्याच्या चित्रांत गेरू आणि पिवडीचे राज्य. म्हणून छायाचित्रणाने लेण्यांची वास्तू आधी जिंकली आणि चित्रे बराच काळ कुंचल्याकडेच राहिली. गिलच्या बहुतेक नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या, आणि मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपल्या विद्यार्थ्यांसह 1872 पासून नव्याने नकला करण्याचे काम चालवले. अजिंठा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे गुलाम याजदानी यांनी संस्थानच्या पुरातत्त्व खात्यातर्फे छायाचित्रांवर आधारलेले भाग 1930 पासून प्रसिद्ध केले, आणि तिथे रंगांसह ही चित्रे मोठ्या प्रमाणावर अभ्यासकांच्या टेबलावर आली.

दिव्याने प्रश्न सुटला, पण नवा प्रश्न उभा राहिला. प्रखर प्रकाश आणि त्यामागून येणारी उष्णता जुन्या रंगांना घातक असते, आणि चित्रांवर पूर्वी चढवलेले, पुढे पिवळे पडलेले व्हार्निश दिव्याची चकाकी परत कॅमेऱ्याकडे फेकते. म्हणूनच तिथे फ्लॅशला बंदी आहे. 1990च्या दशकाच्या प्रारंभी बिनॉय बहल यांनी अत्यंत मंद प्रकाशात, दीर्घकाळ उघडझाप ठेवून ही चित्रे टिपली. ज्या संथ गतीला एकोणिसाव्या शतकात अडचण समजले जात होते तीच इथे पद्धत झाली. खोलीवर प्रकाश लादण्याऐवजी खोलीत जो आहे तो वेचायचा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील बुद्धमूर्तीवर मार्गदर्शक डावीकडून, उजवीकडून आणि समोरून बॅटरीचा झोत टाकून मुद्रा बदलल्याचा भास दाखवतात. त्या खेळात छायाचित्रणाचा एक मूलभूत धडा आहे : दगड तोच, जागा तीच, पण उजेडाची वाट बदलली की पाहणाऱ्याला वेगळा चेहरा दिसतो, आणि कोणतेही छायाचित्र त्यातला एकच चेहरा कायम करते.

दाराचा प्रश्न

खिडकीच्या प्रश्नावर 1887 मध्ये जर्मनीत एक स्फोटक उत्तर निघाले. मॅग्नेशियमची भुकटी पोटॅशियम क्लोरेटसारख्या रसायनात मिसळून पेटवली की क्षणभर लख्ख उजेड पडतो, आणि त्या क्षणात अंधारी खोलीही काचेवर उमटते. न्यूयॉर्कमधला वार्ताहर जेकब रीस याने हे तंत्र तातडीने उचलले आणि स्थलांतरित मजुरांच्या कोंदट खोल्यांची चित्रे घेतली. त्यांवर आधारलेले 'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक 1890 मध्ये निघाले आणि गृहनिर्माणाच्या सुधारणांना त्याने बळ दिले. परंतु रीस आणि त्याचे सोबती रात्री-अपरात्री त्या खोल्यांत शिरत आणि झोपलेल्या माणसांच्या तोंडावर तो स्फोट होई. चित्रातल्या दचकलेल्या डोळ्यांत गरिबी जितकी आहे तितकीच घुसखोरीही आहे. ज्याचे दार नीट लागत नाही त्याच्या घरात कॅमेरा विनापरवाना शिरतो, आणि ज्याच्या दाराशी पहारा आहे त्याच्या घरी तो वेळ ठरवून जातो. आतल्या जागेच्या छायाचित्रांत वर्गभेद असा दाराच्या कडीवरच उमटलेला असतो.

पहारा मोडण्याचेही प्रयत्न झाले. जर्मन छायाचित्रकार एरिक सॉलोमन याने 1920च्या दशकाच्या अखेरीस, मोठ्या तोंडाचे भिंग असलेला लहान कॅमेरा हॅटमध्ये दडवून न्यायालयातली चित्रे घेतली, आणि राजकारण्यांच्या बंद बैठकी दिव्याच्या उपलब्ध उजेडात टिपल्या. दुसऱ्या बाजूला अर्नोल्ड न्यूमन याने परवानगीचाच शस्त्रासारखा उपयोग केला. दुसऱ्या महायुद्धात गुलाम कामगारांकडून काम करवून घेतल्याबद्दल दोषी ठरलेला जर्मन कारखानदार आल्फ्रीड क्रूप याचे चित्र न्यूमनने 1963 मध्ये त्याच्याच कारखान्यात, यंत्रांच्या रांगा मागे ठेवून आणि दोन्ही बाजूंनी दिवे लावून घेतले, आणि तो चेहरा कायमचा भेसूर झाला. जिथे माणसाचे काम चालते तिथेच त्याचे चित्र घेण्याच्या या प्रकाराला परिसर-व्यक्तिचित्र म्हणता येईल. त्यात जागा माणसाची ओळख सांगते, आणि प्रसंगी त्याच्याविरुद्ध साक्षही देते.

ही साक्ष डोळे मिटून मानावी अशी मात्र नसते. पॅरिसमध्ये युजीन आत्झे याने 1910च्या सुमारास निरनिराळ्या थरांतल्या पॅरिसकरांच्या घरांच्या अंतर्भागाचा 60 चित्रांचा संग्रह केला, आणि त्यातल्या नाट्यकलावंताच्या म्हणून दिलेल्या खोल्या त्याच्या स्वतःच्याच होत्या, असे पुढे संशोधनातून दिसून आले. आत्झे पूर्वी खरोखरच नट होता, त्यामुळे शीर्षक पुरते खोटेही म्हणता येत नाही. वॉकर इव्हान्स याने 1936 मध्ये अलाबामातील कुळांच्या झोपड्यांतली स्वयंपाकघरे आणि भिंती विलक्षण संयमाने टिपल्या; त्या चित्रांतल्या काही वस्तू त्याने हलवल्या होत्या का, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. हा वाद होतो याचाच अर्थ असा, की वाचक आतल्या जागेच्या छायाचित्राकडे जबानी म्हणून पाहतो आणि टेबलावरच्या घड्याळाची जागासुद्धा त्याला महत्त्वाची वाटते.

भारतात दाराचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे स्त्रियांच्या वाट्याला आला. राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला, कारण पडदा पाळणाऱ्या घरात पुरुष छायाचित्रकाराला प्रवेश नव्हता. कॅमेरा अंतःपुरात जाऊ शकत नाही म्हणून अंतःपुराची दुसरी प्रत स्टुडिओत बांधली गेली. मराठी घरात पडद्याची चाल सरसकट नसली तरी घराची रचनाच चाळणीसारखी होती. अंगण, ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली : या क्रमाने आत जावे तसा परक्याचा प्रवेश कमी होत जातो, आणि जवळजवळ त्याच क्रमाने उजेडही कमी होत जातो. ओटीवर पाहुणा बसतो आणि ऊन येते. माजघरात सोयरे येतात आणि उजेड दारातून तिरपा येतो. चुलीपाशी घरचीच बाई असते आणि उजेडाबरोबर धूरही असतो. खिडकी आणि दार यांनी जणू संगनमत करून घराचा तोच भाग अंधारात ठेवला जिथे स्त्रियांचा बहुतेक दिवस जात असे. म्हणून जुन्या कौटुंबिक संग्रहांत नऊवारीतली बाई खुर्चीवर ताठ बसलेली किंवा नवऱ्याच्या शेजारी उभी असलेली सापडते. जात्यावर किंवा चुलीपुढे, आपल्या रोजच्या जागेत ती क्वचितच भेटते.

भिंगाने बांधलेली खोली

उजेड मिळाला आणि प्रवेशही मिळाला, तरी खोली जशी आहे तशी चित्रात उतरत नाही, कारण तिसरा कारागीर म्हणजे भिंग. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यात 50 मिलिमीटरचे भिंग कर्णाच्या दिशेने सुमारे 47 अंशांचा कोन पाहते, तर 24 मिलिमीटरचे सुमारे 84 अंशांचा. लहान खोलीत छायाचित्रकाराची पाठ भिंतीला टेकते आणि मागे सरकायला जागा उरत नाही, म्हणून तो रुंद कोनाचे भिंग लावतो. पण इतक्या जवळून पाहिले की पुढची वस्तू फुगते, मागची भिंत दूर पळते आणि खोली प्रत्यक्षापेक्षा प्रशस्त दिसते. वन बीएचके घराच्या जाहिरातीत दिवाणखाना सभागृहासारखा का वाटतो, आणि प्रत्यक्ष पाहायला गेलेल्या कुटुंबाचा हिरमोड का होतो, याचे उत्तर बव्हंशी एवढेच आहे. उलट दिशेने हेच कौशल्य स्वप्न उभे करते. ज्युलियस शुल्मन याने 1960 मध्ये लॉस एंजलिसच्या टेकडीवरील काचेच्या घराचे जे चित्र घेतले त्यात खालच्या शहराचे दिवे उमटावेत म्हणून उघडझाप सुमारे सात मिनिटे चालू ठेवली आणि आत बसलेल्या दोघी शेवटी एका झोतात उजळल्या. कोणत्याही डोळ्याला एकाच क्षणी असे दिसले नसते. तरी त्या काळाच्या आधुनिक घराची कल्पना जगभर त्याच चित्रावर पोसली गेली.

आज ही कारागिरी भिंगाकडून संगणकाकडे गेली आहे. फोनमधला कॅमेरा एका पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती जोडतो आणि खिडकीबाहेरचे आभाळ व खिडकीआतली सावली दोन्ही एकाच वेळी दाखवतो, म्हणजे टॅल्बटला ज्या खिडकीने हरवले तिचा हिशेब त्याने बव्हंशी सोडवला आहे. आणि दुसरीकडे तोच फोन चेहऱ्यामागची खोली धूसर करून टाकण्याचीही सोय देतो. जर्मन कलावंत थॉमस डिमांड वृत्तपत्रीय छायाचित्रांतल्या खोल्या कागद आणि पुठ्ठ्यातून प्रत्यक्ष मापाच्या बांधतो, त्यांचे चित्र घेतो आणि मग ती रचना मोडून टाकतो. जॉन्सनने जोडलेल्या मुंबईपासून डिमांडच्या कागदी खोलीपर्यंत, जागा बनवता येते हे छायाचित्रणाने कधीच लपवले नाही, फक्त पाहणाऱ्याला ते आठवत नाही. याउलट दयानिता सिंह यांच्या 'प्रायव्हसी' (2004) आणि 'फाइल रूम' (2013) या पुस्तकांत, किंवा सूनी तारापोरवाला यांच्या पारशी समाजावरील 2000 सालच्या ग्रंथात, घरे आणि दप्तरखाने त्यांच्या साचलेल्या वस्तूंसह समोर येतात, आणि तिथे कॅमेरा आत कसा आला याचे उत्तर चित्रातच मिळते : वारंवार येऊन, ओळख होऊन, दार उघडले जाण्याची वाट पाहून.

खिडकीचा प्रश्न अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांत जवळजवळ सुटला. चुलीच्या उजेडातही आता चित्र निघते, आणि ते काढायला स्टुडिओ, काच, भुकटी यांपैकी काहीही लागत नाही. दाराचा प्रश्न मात्र यंत्राने सुटण्यासारखा नव्हता आणि नाही. फरक पडला आहे तो कॅमेऱ्याच्या जागेत, कारण तो आता उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या परक्याच्या हाती राहिलेला नाही. तो माजघरातच आहे, आणि पुष्कळदा ज्या बाईला पूर्वी फोटोसाठी अंगणात बोलावले जाई तिच्याच हाती आहे. पुढच्या पिढीला मराठी घराच्या आतल्या जागेची जी चित्रे मिळतील त्यांत स्वयंपाकघर दिसेलच. पण तिथेही विचारायचे प्रश्न तेच दोन राहतील, उजेड कुठून आला आणि दार कोणी उघडले. ज्या जुन्या चित्रांत घराचे फक्त बाहेरचे तोंड आहे ती पाहताना तर हे प्रश्न अधिकच आवश्यक ठरतात, कारण जाजमावर मांडलेल्या त्या खुर्च्या ज्या खोलीतून बाहेर आणल्या गेल्या ती खोली चित्रात नाही, आणि छायाचित्रकार गेल्यावर त्या खुर्च्या पुन्हा तिथेच गेल्या.